तक्रार नसलेली वस्ती

३ फेब्रुवारी

चि. पक्कड हिला बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईनं ते आधी स्वतः वाचलं, मग मला ऐकवलं, आणि तू माझी चेष्टा केली आहेस तेवढा भाग पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. फोनवर बोलताना तिला दम लागतो म्हणून आपण हे पत्रांचं काढलं, पण आता तिला त्याची इतकी गोडी लागली आहे की टपालवाला दाराशी न थांबता पुढे गेला तर त्याच्यावर डाफरते. शेजारी आलेली नवी सून परवा विचारत होती, मुलीला पक्कड का म्हणता. आईनं सांगितलं की जन्मली त्या दिवशी हिनं बापाचं बोट धरलं ते नर्सनं ओढलं तरी सोडेना, आणि लाईनमनला याहून बरं नाव सुचणार कुठून!

तिची तब्येत आहे तशीच आहे. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घुरघुरत असतं. लाईट गेली की दवाखान्यातून आणलेला सिलिंडर लावायचा. तो जेमतेम दीड तास पुरतो, आणि एका घराला एकच देतात. मी ट्रकची जुनी बॅटरी जोडून पाहिली, पण ती दहा मिनिटांत मान टाकते. गेल्या आठवड्यात चार वेळा लाईट गेली. चारही वेळा मी आणि माझ्या जागी आलेला लंबू, आम्ही दोघांनी तासाच्या आत आणली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डीपीची एक किल्ली माझ्या खुंटीवर आहे, हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस. जमिनीखाली आता केबल कमी आणि जोड जास्त झाले आहेत. त्यातले निम्मे माझ्या हातचे.

कंपनी शहरातल्या आठ वस्त्यांना नवी केबल टाकणार असं ऐकलं. तू मुख्य कचेरीत, तेही नियोजनात, तेव्हा तुला ठाऊक असणारच. मी शब्द टाकायला सांगत नाही हं. तीस वर्षांत मी कुणापुढे हात पसरला नाही आणि आपल्या वस्तीतून एकही तक्रार वर जाऊ दिली नाही. लोक कंपनीला फोन करतच नाहीत, आपल्या दारावर थाप मारतात. तक्रार नोंदवली की दुरुस्तीची गाडी दोन दिवसांनी येणार, तेच काम मी चहा निवायच्या आत उरकायचो. तेव्हा आपला नंबर वरच असणार. फक्त महिना कोणता तेवढं कळव, म्हणजे आईला सांगता येईल.

आमच्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझे बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. किल्लीचं साहेबांना सांगितलं नाही, पण तुम्ही या वयात खड्ड्यात उतरता हे आईच्या लक्षात आणून द्यायला मला काही हरकत नाही.

बाबा, केबलचं सांगते आणि तुम्ही शांतपणे वाचा. त्या आठांत आपली वस्ती नाही. यादी तक्रारींच्या आकड्यांवरून होते. जिथून जास्त तक्रारी, तिथली केबल वाईट, असा साधा हिशेब धरतात. आपल्या नावापुढे सहा वर्षांची बेरीज शून्य आहे. त्याच्या आधीचीही शून्यच. कागदावर आपल्या वस्तीइतका चांगला वीजपुरवठा शहरात कुठेच नाही. टेकडीवरच्या बंगल्यांत दिवा नुसता फडफडला तरी लोक फोन करतात, त्यांच्या चारशे तक्रारी आहेत आणि त्यांना केबल मिळते आहे.

तुम्ही तीस वर्षं जे केलंत ते माणुसकीनं केलंत, त्यात माझ्या मनात जराही किंतु नाही. पण आजपासून लाईट गेली की आधी तक्रार नोंदवायची आणि मगच पक्कड हातात घ्यायची. लंबूकाकांनाही सांगा. घराघरांतून फोन करायला लावा. पुढची यादी जूनमध्ये आहे.

आईचा दुसरा सिलिंडर मिळतो का ते दवाखान्यात पुन्हा विचारा. मी इथून बरी बॅटरी बघते आहे.

माझी आठवण काढत राहा, रागावलात तरी चालेल.

तुमची पक्कड

२४ फेब्रुवारी

चि. पक्कड हिला आईचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. ते लंबूकडे गेलेत. शिवणवाल्या काकू पेटीत टाकणार आहेत, तेव्हा उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव. म्हातारपणी नवऱ्याच्या चोरून पत्रव्यवहार करायची वेळ आली बघ माझ्यावर!

तुझं पत्र वाचून ते दोन दिवस जेवले नाहीत असं मी लिहिणार होते, पण जेवले. फक्त तुझं पत्र उलगडून उलगडून वाचत होते. तिसऱ्या दिवशी डोक्याला टोपी घालून घरोघर गेले आणि लोकांना सांगत सुटले की बाबांनो, तक्रार करा. कुणी करेना. इस्त्रीवाला म्हणाला, तुमच्या कामाला आम्ही नावं ठेवू होय? दुसऱ्या कुणी म्हटलं, लंबूची नोकरी जाईल. काकूंनी बिचारीनं फोन केला तर अर्धा तास गाणं ऐकवून पलीकडच्या मुलीनं ग्राहक क्रमांक विचारला. आता आपल्या गल्लीत सहा-सहा खोल्यांना मिळून एक मीटर, त्यावर नाव मालकाचं, आणि मालक राहतो भलत्याच गावी. क्रमांक नाही तर तक्रार नाही, म्हणाली. म्हणजे अंधारात बसायलासुद्धा आम्हाला क्रमांक लागतो. आपलं मीटर तेवढं स्वतंत्र आहे, म्हणून तुमच्या क्रमांकावरून तुम्ही करा असं काकू बाबांना म्हणाल्या, तर उद्या करतो म्हणाले. स्वतःच्याच कामाविरुद्ध तक्रार लिहायला त्यांचा हात धजत नाही गं. रोज उद्यावर ढकलतात. तू त्यांना बोलू नकोस. ते आतून फार मोडलेत.

मला तुझ्याकडे ये म्हणतेस, पण तुझ्या चार जिन्यांपुढे मी हात टेकले. माझं बरं आहे. मशीन बंद पडलं की गल्ली गप्प होते आणि सगळ्या बायका माझ्या खिडकीकडे बघतात, तेवढं मात्र नको वाटतं. लोकांना आपल्यापायी जीव मुठीत धरायला लावायचं म्हणजे काय.

आणि एक विचारते. तुझ्या पत्रात आठ वस्त्यांचा विषय आला की तुझं अक्षर बारीक होतं. लहानपणी काही फोडलंस की असंच लिहायचीस. काय झालंय?

वेळेवर जेव, आणि आईशी खरं बोल.

तुझी आई

४ मार्च

ती. आईस सा. न.

तुझ्यापासून काही लपत नाही. ती यादी मी केली आहे.

आकड्यांवरून सहाच वस्त्या निवडायच्या होत्या. उरलेली दोन नावं यादी करणाऱ्या इंजिनिअरनं स्वतःच्या माहितीवरून सुचवायची असा नियम आहे, कारण आकडे कधीकधी चुकतात हे कंपनीलाही कळतं. ती दोन नावं माझ्या हातात होती, आई. आपल्या गल्लीतले जोड मला पाठ आहेत. मी लहानपणी बाबांना टॉर्च धरून उभी राहिले आहे. आणि तरी मी आपलं नाव लिहिलं नाही. मला वाटलं, लोक म्हणतील लाईनमनची पोरगी खुर्चीवर बसली आणि आधी आपलं घर बघितलं. बाबांनी कधी कुणाकडून साधं टेस्टरसुद्धा घेतलं नाही, मग मी कसं घेऊ, असंही वाटलं. मी दुसऱ्याच दोन वस्त्या लिहिल्या. त्यातली एक टेकडीवरची, आकड्यांत सातवी आलेली.

तुझं पत्र वाचून मी साहेबांकडे गेले. यादीवर शिक्के झाले, आता बदलत नाही, म्हणाले. वर माझं कौतुक केलं. स्वतःची वस्ती वगळलीस, अशी माणसं हवीत, म्हणाले. मी जिन्यात जाऊन रडले.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. मीच येऊन सांगेन. वीस तारखेला बॅटरी घेऊन येते, ती पाच तास चालते. तोपर्यंत जपून राहा. माझ्यावर रागाव, पण मला दूर करू नकोस.

तुझीच
पक्कड

१९ मार्च

चि. पक्कड हिला बाबांचे आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर मला खायला उठतं. पाच दिवस इथे होतीस, आपण शेजारी शेजारी बसलो, पण बोललो ते चहाचं नाही तर चादरींचं. आई कशी गेली ते तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तोंडानं ते मला जमणार नाही, म्हणून लिहितो.

नऊ तारखेला दुपारी अडीचला इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावर केबल जळाली. मी सिलिंडर लावला आणि तिच्याजवळ बसलो. तिनं मला हातानं हाकललं. माझ्या तोंडाकडे बघून लाईट येणार आहे का, म्हणाली. काकू तिच्यापाशी बसल्या आणि मी गेलो. लंबूनं खणून ठेवलं होतं. आम्ही नोंदवलं नाही, पोरी. तू सांगितलं होतंस तरी नाही. नोंदवलं की गाडी येईपर्यंत केबलला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि मला घाई होती. जोड केला, लाईन चालू केली तर दहा पावलांवर दुसरा फुटला. मग तो धरला. तोवर चार वाजून गेले. काकूंची मुलगी दवाखान्यात धावली, पण लाईट सगळीकडचीच गेली होती, तिथला सिलिंडर दुसऱ्या घरी गेलेला. रुग्णवाहिकेला फोन केला, ती येते येते म्हणत राहिली.

पावणेपाचला काकूंचा निरोप आला की लगेच या. मी खड्ड्यातून म्हटलं, दोन मिनिटं, एवढा शेवटचा जोड आहे. मला वाटलं, रिकाम्या हातानं जाऊन काय करू, लाईट घेऊनच जातो. पाच वाजता मशीन सुरू झालं ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आलं आणि मी धावतच आत शिरलो. काकूंनी तिचे डोळे मिटवले होते.

त्या दोन मिनिटांचं मी काय करू ते मला कळत नाही.

दुसरं. तिची गादी उन्हात टाकताना खोळीत तुझं चार तारखेचं पत्र सापडलं. मी वाचलं. तिनं मला काही सांगितलं नव्हतं. पण आदल्या दिवशी ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली होती की पोरीला कधी ओरडू नका. मी म्हटलं, मी तिला कधी ओरडलो? तर नुसती हसली.

तुझं चुकलं नाही असं खोटं मी लिहिणार नाही. वाचलं तेव्हा तुझा फार राग आला, आणि तो निवायच्या आत माझा मलाच आला. स्वच्छ राहायचं हे तुला मीच शिकवलं, पण कुणासाठी ते सांगायचं राहून गेलं. लोक आपल्याला काय म्हणतील यापेक्षा काकूंच्या खोलीत लाईट आहे का हे आधी बघायचं असतं. मी स्वतःच ते उलटं करत आलो. माझ्या वस्तीतून तक्रार नाही, माझ्या वस्तीतून तक्रार नाही, असं तीस वर्षं मिरवलं.

काल मी कंपनीच्या खिडकीवर गेलो आणि तक्रार लिहिली. आयुष्यातली पहिली. तारीख, वेळ, किती तास वीज नव्हती, सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता, झालेल्या गैरसोयीचे स्वरूप. त्यात लिहिलं, बायको वारली. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. हळूच म्हणाल्या, काका, इथे लोक मोटर जळाली, टीव्ही बिघडला असं लिहितात. मी म्हटलं, माझं हे झालंय. त्यांनी शिक्का मारून दिला.

जेवत जा. बाकी काय लिहू.

तुझे बाबा

३ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमची तक्रार माझ्या टेबलावर आली. महिन्याचा तक्ता माझ्याकडेच येतो हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. एकतीस वस्त्यांची नावं, आपल्यापुढे एक. कारणांसाठी ठरलेले शब्द आहेत, त्यात आपलं बसत नव्हतं, म्हणून कुणीतरी इतर असं टाकलं होतं. पुढच्या रकान्यात संगणकानं आपोआप शेरा मारला होता: तीनपेक्षा कमी, कारवाई आवश्यक नाही. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली नाही. मूळ अर्ज मागवून घेतला, साहेबांपुढे ठेवला आणि शेवटचा रकाना बोट ठेवून वाचायला लावला. ही माझी आई, असं सांगितलं. आपली वस्ती मी यादीतून का वगळली तेही सांगितलं आणि त्याचं पुन्हा कौतुक करू नका म्हटलं. त्यांनी तो अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, एका मीटरवरच्या सगळ्या खोल्यांना खोली क्रमांकावर तक्रार करता येईल असा आदेश काढतो, आणि पन्नास लेखी तक्रारी आल्या तर जूनची वाट न बघता पाहणी लावतो.

पन्नास हव्यात, बाबा. जुन्याही चालतील.

मला इतक्यात घरी यायला सांगू नका. बॅटरी इथे कोपऱ्यात पडून आहे. अजून खोक्यातून काढलेली नाही. त्या दोन मिनिटांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, माझ्याकडे तर यादी करायला दोन महिने होते.

राग निवला की मला लिहा.

तुमची पक्कड

३० ऑगस्ट

चि. पक्कड हिला बाबांचे अनेक अनेक आशीर्वाद.

मधल्या माझ्या चिठ्ठ्या म्हणजे नुसते निरोप होते, आज नीट लिहितो. पन्नास तक्रारी मागितल्या होत्या, तीनशे बारा झाल्या हे तुला कचेरीत कळलंच असेल. पण त्या कशा झाल्या ते तक्त्यात येत नाही. पहिल्या दिवशी मी दारात टेबल टाकून बसलो तर कुणी फिरकेना. मग लंबू आला आणि खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, माझ्याविरुद्ध लिहा, आणि न नोंदवता केलेले जोड एकेक सांगत गेला. कंपनीनं त्याला नोटीस दिली. त्यानं ती इस्त्रीवाल्याच्या दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणाला, बघा, नोकरी काही गेली नाही, आता या. मग रांग लागली. काकूंनी लिहवून घेतलं की मशीन बंद राहिल्यामुळे शिवणाची कामं हातची गेली. नव्या सुनेनं बाळाच्या वाफेच्या यंत्राचं लिहवलं. या गल्लीत मी तीस वर्षं हिंडलो, पण दारावर थाप मारायच्या आधी लोक किती वेळ नुसते अंधारात बसून राहत हे मला त्या टेबलावर कळलं. मला त्रास नको म्हणून बसत होते.

जुलैत पाहणी झाली, आणि केबल याच महिन्यात पडली. आख्खी गल्ली उकरली होती. माझे जुने जोड बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवले तेव्हा पाहणीवाला साहेब तोंडात बोट घालून बघत राहिला. पूर्वी मला यात भूषण वाटलं असतं. चालू करायच्या दिवशी मला बटण दाबायला बोलावलं. मी नाही गेलो, लंबूला पाठवलं.

आज अठरा दिवस झाले, लाईट एकदाही गेली नाही. गल्लीत सगळे खूश आहेत, आणि ते खरंच आहे, व्हायलाच हवं होतं.

आईचं मशीन दवाखान्याला परत दिलं होतं ते आता इस्त्रीवाल्याच्या वडिलांना मिळालं आहे. परवा मला बघायला बोलावलं. म्हातारा मजेत टेकून बसला होता. इस्त्रीवाला मोठ्या कौतुकानं म्हणाला, आल्यापासून एक मिनिट बंद पडलं नाही. मी बरं झालं म्हटलं, खरं तेच म्हटलं, आणि घरी येऊन दार लावून रडलो. पोरी, मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. एका आजारी माणसाचा हेवा. तिच्याशिवाय हे कुणाला सांगितलं नसतं, आता तुला सांगतो.

आपण दोघं चुकलो त्याची वाटणी करत बसलो तर माझं उरलेलं आयुष्य त्यातच जाईल. मला ती वाटणी करायची नाही. तू मार्चनंतर आली नाहीस. एकटा माणूस घरात राहिला की संध्याकाळी दिवा लावायचंही राहून जातं. हल्ली सगळ्या गल्लीत उजेड असतो आणि आपली खिडकी तेवढी काळी दिसते, म्हणून काकू येऊन बटण दाबून जातात. तू ये. बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसती घरात अस.

तुझी वाट पाहणारे
बाबा